शीव ओलांडताना

२०२५ मध्ये रमजानचा पहिला रोजा २ मार्चला झाला आणि तीन दिवसांनी, ५ मार्चला, ख्रिस्ती बांधवांचा राखेचा बुधवार आला. त्या दिवशी कपाळावर राखेचा क्रूस रेखून त्यांचा उपवासकाळ सुरू होतो. त्यामुळे तो महिनाभर शीवमध्ये दोन उपवास शेजारी शेजारी चालले होते. शुक्रवारी दुपारी मशिदीत जुम्म्याची नमाज असते, तर चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना. एका घरात मगरिबच्या अजानची वाट पाहत ताटात खजूर मांडलेले असतात, तर पलीकडच्या घरात शुक्रवार म्हणून मटण बंद असते.

शेजारी असे जवळ आले की गप्पांना धर्माचा विषय वर्ज्य राहत नाही. रोजात पाणीही का नाही, उपवासकाळात लग्ने का होत नाहीत, असे साधे प्रश्न आधी निघतात. मग कधीतरी कोणी अवघड प्रश्न विचारतो : तुम्ही कधी धर्म बदलाल का?

आपल्याकडे ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. धर्मांतराची चर्चा निघाली की तो दुसऱ्याचा धर्म बदलणारा, असेच गृहीत धरले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. एवढ्या लहान समाजाला स्वतःचा धर्म टिकवावासा वाटतो का, सोडावासा वाटतो का, सोडला तर कशासाठी, याचा विचार क्वचितच होतो. मुंबई, ठाणे, वसई आणि गोव्याच्या इतिहासात मात्र या प्रश्नाची उत्तरे नोंदलेली आहेत आणि ती एकसारखी नाहीत.

हद्दीवरचे गाव

शीव हा शब्दच हद्दीचा. गावाची शीव म्हणजे जिथे आपले संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते ती जागा. इंग्रजांनी त्याचे सायन केले आणि मग त्याचा संबंध जेरुसलेमच्या झायन टेकडीशीही जोडला जाऊ लागला. पण मराठी माणसाला मूळ अर्थ सांगावा लागत नाही. सतराव्या शतकात मुंबईची बेटे इंग्रजांकडे आली तेव्हा पलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. गव्हर्नर जेराल्ड आंजियरच्या कारकिर्दीत शीवच्या टेकडीवर किल्ला बांधला गेला, तो या हद्दीवर नजर ठेवायला.

या किल्ल्यावरून पलीकडे पाहणाऱ्या पहारेकऱ्याला पुढच्या शंभर वर्षांत तीन राज्ये दिसली. १७३७ पर्यंत पोर्तुगीज, मग मराठे आणि १७७४ नंतर इंग्रज. राज्य बदलले की प्रजेच्या धर्माचे काय होते, याची ती सरळ परीक्षा होती.

साष्टी आणि वसईत सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांनी मोठ्या प्रमाणावर बाप्तिस्मे दिले. शेतकरी, कोळी, भंडारी, पाचकळशी अशा अनेक जातींची माणसे ख्रिस्ती झाली. त्यांतली सगळी मनापासून झाली, असे कोणी म्हणत नाही. देवळे पाडली गेली होती आणि राज्यकर्त्याच्या धर्मात असण्याचे फायदे उघड होते. त्यामुळे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, तेव्हा ही माणसे लगेच जुन्या धर्मात परततील असा अंदाज कोणीही बांधला असता. पोर्तुगीज अधिकारी, सरदार घराणी, युरोपीय पाद्री निघून गेले. राज्यकर्त्याच्या धर्मात असण्याचा फायदा संपला, आणि परतणाऱ्यांना शुद्ध करून घेण्याचे प्रयत्नही झाले.

काही जण परतले, पण बहुसंख्य राहिले. देशी पाद्र्यांनी चर्चची धुरा घेतली आणि शेतात, खाडीत राबणारी ख्रिस्ती कुटुंबे आपल्या क्रूसांपाशी प्रार्थना करीत राहिली. आज मुंबईच्या गावठाणांतून राहणारा ईस्ट इंडियन समाज हा त्यांचाच वारस. हे नाव तर फार उशिरा, १८८७ मध्ये घेतले गेले. बोली मराठी, बायकांचे जुने नेसणे लुगड्याचे, लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याचा विधी, पहिले पीक चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याचा आगेरा. धर्म बदलला तरी घर बदलले नव्हते, आणि दोनशे वर्षांत तो धर्मही घराचाच भाग झाला होता. पहिल्या पिढीने तो कोणत्या कारणाने घेतला, हे सातव्या पिढीसाठी महत्त्वाचे उरले नव्हते. आजी ज्या क्रूसापाशी मेणबत्ती लावत होती, तो क्रूस सोडून जायचे कुठे?

‘घरवापसी’ हा शब्द आज सहज वापरला जातो. चारशे वर्षे ख्रिस्ती असलेल्या कुटुंबाचे घर कोणते, हे बाहेरच्याने ठरवणे किती अवघड आहे, ते साष्टीच्या या इतिहासावरून दिसते.

पटकीची साथ आणि उघडी-बंद दारे

पण गेलेल्यांकडेही नीट पाहायला हवे. १८२० च्या सुमारास कोकणात पटकीची भयंकर साथ आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी जात होता. त्या दिवसांत ठाण्याकडच्या ख्रिस्ती कोळ्यांतील अनेक कुटुंबे पुन्हा देवीकडे वळली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये ही हकिगत आहे. त्यांना कोणी शास्त्रार्थात हरवले नव्हते, कोणी पैसेही दिले नव्हते. घरात लेकरू तळमळत होते आणि ज्याला हाक मारली त्याच्याकडून उत्तर येत नव्हते. शेजारचा कोळी देवीचा कोप सांगत होता. अशा वेळी माणूस हाक बदलतो. सुरक्षित घरात बसून त्याला दुबळा म्हणणे सोपे आहे.

परत जायचे तर पलीकडून दार उघडावे लागते. ते किती घट्ट बंद असू शकते, हे १८४३ मध्ये मुंबईने पाहिले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो त्यांच्याबरोबर जेवला होता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अज्ञान मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. खरा पेच त्यानंतर आला. या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. सनातनी मंडळींनी कडाडून विरोध केला आणि जांभेकरांनाही त्याची झळ सोसावी लागली. थोरला भाऊ पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री झाला आणि जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवून तिथे काम करीत राहिला. एका भावाला जाताना कोणी थांबवू शकले नाही आणि दुसऱ्याला येताना सुखाने कोणी येऊ दिले नाही.

गोव्यात १९२८ मध्ये हाच प्रश्न मोठ्या समूहापुढे आला. सातारा जिल्ह्यातील मसूर आश्रमाचे विनायक महाराज मसूरकर यांच्या पुढाकाराने सात-आठ हजार ख्रिस्ती गावड्यांनी हिंदू धर्म स्वीकारला. पोर्तुगीज सरकारने मसूरकर महाराजांना अटक केली, पुढे सोडावे लागले. गावडे हे गोव्याचे जुने रहिवासी, कष्टकरी, चर्चमध्येही मागच्या बाकावरचे. उच्चवर्णीय ख्रिस्त्यांनी त्यांना कधी बरोबरीने वागवले नव्हते. नवा धर्म घेतल्यावर बरोबरी मिळेल, ही आशा स्वाभाविक होती. पण त्यानंतर त्यांची ओळख झाली ‘नवहिंदू गावडे’. ख्रिस्ती गावडे वेगळे, आधीपासूनचे हिंदू गावडे वेगळे आणि हे तिसरे. रोटी-बेटी व्यवहार बराच काळ आपसातच राहिला. नावापुढचे ‘नव’ पिढ्यान् पिढ्या पुसले गेले नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. माणूस अन्यायाला कंटाळून धर्म बदलतो, पण नव्या घरातही त्याची जुनी जात त्याच्या आधी पोहोचलेली असते. चर्चमध्ये हे घडले, देवळात घडले. मुस्लिम समाजातही अश्रफ आणि पसमांदा हा भेद आहे, हे मान्य करावे लागते.

आत राहून विचार करणारे

धर्म सोडणे आणि न सोडणे या दोहोंच्या मध्ये आणखी एक जागा आहे. मराठी ख्रिस्ती समाजातील दोन थोर माणसे त्या जागेवर उभी होती.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पण ज्यांच्यामध्ये त्या गेल्या होत्या, त्या इंग्रज धर्मभगिनींनाही त्या सोप्या गेल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी शंका विचारल्या. शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मान्य, ही गोष्ट त्यांना पटणारी नव्हती. एका धर्मातील पुरोहितांची सत्ता झुगारून आलेली बाई दुसऱ्या धर्मातील पुरोहितांपुढे मान तुकवायला तयार नव्हती. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. १८९३ मध्ये, सदन पुण्यात असताना, तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्यावरून वादळ उठले आणि न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार बाजूला झाले. दोन्हीकडून दगड झेलूनही रमाबाईंनी ख्रिस्ताला सोडले नाही. शंका विचारणे म्हणजे निघून जाणे, असे त्यांनी कधी मानले नाही. मृत्यूच्या आधीपर्यंत त्या मूळ भाषांवरून मराठी बायबलचे भाषांतर करीत होत्या.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची वाट वेगळी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनचे काम केल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. टिळकांनी ख्रिस्त सोडला नाही, पण ख्रिस्ताभोवती परदेशी माणसांनी घातलेले कुंपण मोडले. भक्ती अभंगात मांडली. दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांच्या घरात झालेली गोष्ट या विषयात फार मोलाची आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही काळ दोघे दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे-ओवळे आणि त्यांचा स्वयंपाक वेगळा राहिला. टिळकांनी घाई केली नाही. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ही वाट किती काट्यांची होती ते माहीत आहे. तरी एका छपराखाली दोन धर्म वर्षानुवर्षे नांदू शकले, तेही एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात.

आजचा प्रश्न : लग्न, दाखला, मूठमाती

आज शीव, दादर, माहीमच्या ख्रिस्ती घरात हा प्रश्न येतो तो बहुधा लग्नाच्या निमित्ताने. मुलीने किंवा मुलाने वेगळ्या धर्मातला जोडीदार निवडला की दोन्ही घरांत पहिला सवाल असतो, कोण बदलणार? कायद्याने कोणीच बदलायची गरज नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन दोघे आपापल्या धर्मात राहून लग्न करू शकतात. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातही वधू-वरांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतो. कॅथलिक चर्च बिशपच्या परवानगीने असे लग्न लावते. ख्रिस्ती जोडीदाराने आपली श्रद्धा राखण्याचे आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन द्यायचे असते, दुसऱ्याला धर्म बदलायला सांगितले जात नाही. इस्लाममध्येही मुस्लिम पुरुषाला ‘अहले किताब’ म्हणजे ख्रिस्ती किंवा यहुदी स्त्रीशी, तिचा धर्म तसाच ठेवून, निकाह करता येतो. मुस्लिम स्त्रीला मात्र पारंपरिक शरियत तशी मुभा देत नाही.

वाट असूनही अनेक घरांत शेवटी एक जण बदलतोच. बहुतेकदा ती मुलगी असते. तिने नव्या देवाचा विचार केलेला असतो की नव्या घरातल्या सासूचा, हे तिला कोणी विचारत नाही. नाव बदलते, राज्य शासनाच्या राजपत्रात धर्म बदलल्याची जाहिरात येते आणि सगळे मोकळे होतात. ज्या निर्णयाला रमाबाईंना आणि लक्ष्मीबाईंना वर्षे लागली, तो दोन बैठकांत उरकतो.

दुसरे निमित्त जातीच्या दाखल्याचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात, श्रद्धा ख्रिस्ती ठेवून केवळ नोकरीच्या सवलतीसाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीने त्यात तर्क आहे. पण मराठवाड्यातल्या किंवा नगर जिल्ह्यातल्या दलित ख्रिस्ती बापाच्या जागी उभे राहून पाहावे. वस्ती तीच, काम तेच, गावकऱ्यांची नजर तीच. रविवारी चर्चला जातो म्हणून मुलाचा दाखला गेला. ‘तुम्ही धर्म बदलाल का’ हा प्रश्न अशा माणसासाठी फुरसतीच्या गप्पांचा नसतो. मुलाच्या शिक्षणाचा आणि स्वतःच्या प्रामाणिकपणाचा सौदा त्याला रोज मनात करावा लागतो. तरीही हजारो कुटुंबे ख्रिस्ती म्हणून राहतात आणि किंमत मोजतात. त्यांचे धर्मांतर आमिषाने झाले, असे म्हणणाऱ्यांनी या किमतीचा हिशेब कधीतरी मांडावा.

तिसरे निमित्त मृत्यूचे. धर्म बदललेल्या माणसाला मूठमाती कोणी द्यायची? शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आई-बाप झोपलेले आणि मुलगा दुसऱ्या श्रद्धेचा. चर्चच्या शिकवणीप्रमाणे बाप्तिस्म्याची खूण पुसली जात नाही. माणूस निघून गेला तरी त्याची नोंद पॅरिशच्या वहीत राहते. पण कबरीच्या बाजूची जागा राहीलच असे नाही. अनेकांना धर्म बदलण्याच्या विचारापासून मागे ओढणारी गोष्ट हीच असते. देवाशी वाद मिटवता येतो, आईच्या शेजारची जागा सोडणे जमत नाही.

सलमान आणि नजरानचे पाहुणे

इस्लामच्या आरंभीच्या काळातही ख्रिस्ती माणसांपुढे हा प्रश्न आला होता. रमजानात त्या काळाची आठवण निघतेच, म्हणून दोन हकिगती सांगण्याजोग्या आहेत.

पहिली हजरत सलमान फारसी (रजि.) यांची. इराणातल्या अग्निपूजक घरात जन्म. तरुणपणी ख्रिस्ती प्रार्थना कानावर पडली आणि ते घर सोडून सीरियाला गेले, ख्रिस्ती झाले. एका धर्मगुरूची सेवा करावी, तो वारला की त्याने सांगितलेल्या दुसऱ्याकडे जावे, असे गावोगाव फिरले. त्यांच्यातला एक धर्मगुरू दानाचा पैसा स्वतःच लाटणारा निघाला, बाकीचे सज्जन होते. वाटेत फसवणूक होऊन ते गुलाम म्हणून विकले गेले आणि मदिनेला पोहोचले. तिथे प्रेषित मुहम्मद (स.) यांना भेटून, स्वतः पारखून त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे मदिनेभोवती खंदक खणण्याची युक्ती त्यांचीच. आयुष्यभर शोध घेणारा हा माणूस एका ख्रिस्ती गुरूला वाईट पाहूनही ख्रिस्ती राहिला होता, कारण त्याचा शोध माणसांच्या पलीकडचा होता.

दुसरी हकिगत नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाची. अरबस्तानच्या दक्षिणेकडून ही मंडळी मदिनेला आली. येशूविषयी प्रेषितांशी (स.) त्यांची चर्चा झाली, मतभेद मिटले नाहीत. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांनी प्रेषितांच्या मशिदीतच पूर्वेकडे तोंड करून आपली प्रार्थना केली आणि त्यांना ती करू दिली गेली, असे सीरतच्या ग्रंथांत आहे. त्यांनी धर्म बदलला नाही. करार झाला, कर ठरला आणि त्यांची प्रार्थनास्थळे व धर्मगुरू यांना संरक्षण मिळाले. ते जसे ख्रिस्ती म्हणून आले तसे ख्रिस्ती म्हणून परत गेले.

सलमान आले, नजरानचे लोक परतले. मुस्लिम घरांत पहिली गोष्ट मुलांना आवर्जून सांगितली जाते. दुसरीही तितक्याच आवडीने सांगायला हवी. धर्मात जबरदस्ती नाही, ही पवित्र कुरआनची शिकवण दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावरच पुरी होते. आणि ती शिकवण आत येणाऱ्याइतकीच बाहेर जाणाऱ्यालाही लागू व्हायला हवी. फिकहच्या जुन्या ग्रंथांत धर्म सोडणाऱ्याला कठोर शिक्षा सांगितली आहे. आज अनेक मुस्लिम अभ्यासक कुरआनच्या आधाराने त्याचा फेरविचार मांडतात. शेजाऱ्याला ‘तू येशील का’ विचारताना ‘माझ्या घरातला कोणी गेला तर’ हा सवाल टाळणे न्यायाचे नाही.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने विवेकाचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे. १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. म्हणजे बदलायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याचा. पाद्री, मौलाना, महाराज, जातपंचायत किंवा सासर, यांपैकी कोणीही त्याच्या वतीने ठरवू शकत नाही.

नियत कोणाला दिसते?

रोजा ही अशी इबादत आहे की ती खरी की खोटी, हे बाहेरून कळत नाही. बंद खोलीत कोणी घोटभर पाणी प्यायले तर त्याच्याशिवाय आणि अल्लाहशिवाय ते कोणालाच कळणार नाही. म्हणून रोजाची सगळी भिस्त नियतीवर. ख्रिस्ती उपवासकाळातही शिकवण हीच असते, की उपवासाचे प्रदर्शन करू नये, तो गुप्तपणे पाहणाऱ्या देवासाठी असावा. श्रद्धेचेही तसेच आहे. वसईचे शेतकरी का राहिले, ठाण्याचे कोळी का गेले, रमाबाई शंका घेऊनही का थांबल्या, याची कारणे इतिहास थोडीफार सांगतो. त्यांच्या मनात काय होते, ते सांगत नाही.

मग ‘तुम्ही कधी धर्म बदलाल का’ या प्रश्नाचे ख्रिस्ती शेजाऱ्याने काय उत्तर द्यावे? कोणी ठामपणे ‘नाही’ म्हणेल. कोणी हसून विषय बदलेल. कोणी मनातल्या मनात गेली दहा वर्षे विचार करीत असेल आणि बोलणार नाही. यातले प्रत्येक उत्तर प्रामाणिक असू शकते, पण त्यासाठी एक अट आहे. ‘हो’ म्हटल्याने भावंडे तुटणार नसतील आणि ‘नाही’ म्हटल्याने दाखला, लग्न किंवा भाड्याची खोली जाणार नसेल, तरच त्या उत्तरावर भरवसा ठेवता येतो. जिथे जाण्याची मोकळीक नाही तिथे राहण्याचीही किंमत कळत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्यानेही तो आधी स्वतःच्या घरात विचारून पाहावा. हिंदू असो, मुस्लिम असो, बौद्ध असो की ख्रिस्ती. आपल्या घरातल्या कोणी उद्या वेगळी श्रद्धा धरली, तर संध्याकाळी त्याचे ताट त्याच्या नेहमीच्या जागी मांडले जाईल का?  विचार करायला वेळ आहे.